‘प्रातिनिधिक’ आणि ‘प्रतिनिधित्व’

नेरूळच्या एक विद्यार्थिनी कॉलेजच्या अंकासाठी अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या ‘होमकमिंग’ या कॉन्सर्ट फिल्मवर लिहीत आहेत. त्यांचं वाक्य असं: ‘या चित्रपटात कृष्णवर्णीय कलाकार प्रातिनिधिक स्वरूपात दिसतात.’ रिप्रेझेंटेशनसाठी ‘प्रातिनिधिक’ चालेल का आणि ‘वैविध्यता’ बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

दुसरं आधी. ‘वैविध्यता’ चूक. ‘विविधता’ म्हणा किंवा ‘वैविध्य’. ‘सौंदर्य’ला आपण ‘ता’ जोडत नाही, तसंच हे.

‘प्रातिनिधिक’ मात्र तुमच्या वाक्यात घात करतो. हा शब्द रोज कुठे भेटतो ते आठवा. बातमीतल्या फोटोखाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असतं, म्हणजे बातमीतला माणूस हा नाही. गुणगौरव समारंभात दोनशे मुलं बसलेली असतात आणि निवेदक सांगतो, ‘वेळेअभावी पाच जणांना प्रातिनिधिक स्वरूपात प्रमाणपत्रं देत आहोत.’ बाकीची मुलं खुर्चीतच. तेव्हा मराठी वाचक तुमचं वाक्य असं वाचेल की चार-दोन कृष्णवर्णीय कलाकार नमुन्यादाखल घेतले आहेत. तुम्हाला तर नेमकं उलट म्हणायचं आहे!

प्रतिनिधी म्हणजे मुळात कुणाच्या तरी जागी ठेवलेला. घरच्या पूजेत दागिना नसला की ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून अक्षता वाहतो ना, तशा बदली द्रव्याला धर्मशास्त्रात ‘प्रतिनिधी’च म्हणतात. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना दिलेलं ‘प्रतिनिधी’ हे पदही छत्रपतींच्या वतीने काम पाहण्याचं. ‘होमकमिंग’मधले वादक कुणाच्या बदली आलेले नाहीत. 2018 मध्ये बियॉन्सेने कॅलिफोर्नियातल्या कोचेला या संगीत महोत्सवात मुख्य कार्यक्रम केला; तिथे तो करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत असतात तशा बँडचा भलामोठा ताफा मंचावर उभा केला आणि 2019 च्या या फिल्ममध्ये तो डोळे भरून दिसतो.

‘प्रतिनिधित्व’ हा शब्द ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत रुळलेला आहे. कुणाला किती वाटा मिळाला, हे सांगायचं असेल तिथे तो खुशाल वापरा. पण फिल्मच्या बाबतीत नुसत्या वाट्याने भागत नाही. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गणपतीत पोवाडा झाला. माझा भाचा झीलकऱ्यांत, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्यांत होता. नंतर व्हिडिओ आला, त्यात ‘जी जी रं जी’ खणखणीत ऐकू येतं, पण कॅमेरा शेवटपर्यंत शाहिरावरच. बहिणीने तो दोनदा पुढे-मागे करून पाहिला, पोराचा सदरासुद्धा सापडला नाही. पोवाड्यात त्याचा वाटा होता, तो दिसला नाही एवढंच. (मागे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांना तुम्ही ‘इतर’ म्हटलं आहे, तिथे ‘साथीदार’ लिहा. झील धरणाऱ्याला आपल्याकडे स्वतःचं नाव आहे, याचा मला फार आनंद वाटतो.)

1969 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय गायक-वादकांचा मोठा महोत्सव झाला, त्याचं चित्रीकरणही झालं. पण त्यातलं बहुतेक सगळं जवळपास पन्नास वर्षं पडून राहिलं आणि 2021 मध्ये ‘समर ऑफ सोल’ या माहितीपटातून लोकांसमोर आलं. तिथे मंचावर प्रतिनिधित्व नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणून मला अशा ठिकाणी ‘दिसणं’ हा साधा शब्द जवळचा वाटतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘या चित्रपटात कृष्णवर्णीय कलाकार मोठ्या संख्येने आहेत आणि मागच्या रांगेतले साथीदारही आपल्याला नीट दिसतात.’