सर्दी झालेल्या मुलीला शाळेत पाठवू का? आणि शनिवारी खेळायला नेऊ का?

उत्तर आधी देऊन टाकते: शाळेत पाठवा, शनिवारी मैत्रिणीकडे मात्र नेऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. मुलगी साडेतीन वर्षांची, नुकतीच नर्सरीत जायला लागलेली. सोमवारपासून नाक वाहतंय, आज चौथा दिवस. ताप नाही, खेळतेय, रात्री जरा खोकते. गेटवर बाकीच्या आया नाक मुरडतात, आणि घरी ठेवायचं तर तुमच्या रजा संपत आल्यात. शनिवारी मैत्रिणीच्या मुलाबरोबर खेळायला जायचं आधीपासून ठरलंय, पण तिच्याकडे दोन महिन्यांचं बाळही आहे. त्यात तुमच्या यजमानांचं म्हणणं, "शाळेत चालतं तर तिथे का चालत नाही?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. बहुतेकांचा घोळ नेमका तिथेच होतो, कारण दोन्हीकडे आपण एकच मोजमाप लावायला जातो.

शनिवारचं आधी घेते, ते सोपं आहे. मोठ्या मुलांना साधी सर्दी देणाऱ्या विषाणूंपैकी एक आरएसव्ही. साडेतीन वर्षांच्या मुलीत तो बहुतेक वेळा शेंबूड आणि खोकल्यावरच थांबतो. दोन महिन्यांच्या बाळात तोच फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरू शकतो. नळ्या सुजतात, कफाने भरतात, आणि मुळात त्या इतक्या अरुंद असतात की जराशा सुजेनेही बाळाला श्वास घेणं आणि दूध ओढणं जड जातं. याला ब्रॉन्कियोलायटिस म्हणतात. वर्षाच्या आतली बाळं इस्पितळात दाखल होण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. आरएसव्ही झालेलं मूल साधारण ३ ते ८ दिवस तो पसरवू शकतं, म्हणजे शनिवार त्यात येतोच. शिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर डॉक्टर "दोन दिवस बघू" म्हणत नाहीत. लगेच तपासतात, अनेकदा रक्त-लघवीही तपासायला पाठवतात. तुमच्या मुलीला आरएसव्हीच झालाय असं मी म्हणत नाही. नुसतं नाक बघून तो आहे की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून बाळ असलेल्या घरी जायचं टाळायचं. पुढच्या-पुढच्या आठवड्यात जा. काही बिघडत नाही.

आता शाळा. इथे लोक नाकाकडे बघून निर्णय घेतात, आणि ते गणितातच बसत नाही. सर्दी देणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत, त्यात एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. या वयाच्या मुलांना वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं, आणि पाळणाघरात किंवा नर्सरीत जाणाऱ्यांना १० ते १२ वेळासुद्धा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली एक आढावा आला होता. त्यात दिसलं की दहातली नऊ मुलं सर्दीतून पूर्ण बरी व्हायला पंधरा दिवस जातात, आणि खोकला जायला पंचवीस. आता नाक कोरडं होईपर्यंत घरी ठेवायचं म्हटलं, तर आठ वेळची सर्दी, प्रत्येकीचे दहाच दिवस धरले, तरी ऐंशी दिवस झाले. इतकी रजा कुणालाच मिळत नाही.

आणि एवढं करून उपयोगही बेताचाच. सर्दीचा विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि लागण तर पहिली शिंक येण्याच्या आदल्या दिवसापासूनच सुरू झालेली असते. म्हणजे तुमची मुलगी रविवारी ठणठणीत दिसत होती तेव्हाही ती देत होती, आणि वर्गातलं कुणीतरी ठणठणीत दिसतानाच तिला देऊन गेलं. आठव्या दिवशी घट्ट शेंबूड घेऊन आलेल्या मुलाकडे सगळे डोळे वटारून बघतात, पण खरा प्रसाद वाटत असतो तो शेजारी बसलेला, ज्याला उद्या शिंका सुरू होणार आहेत.

शेंबडाच्या रंगाचंही सांगून टाकते, कारण गेटवरची निम्मी कुजबुज त्यावरच असते. सुरुवातीला पाण्यासारखं असतं, दोन-तीन दिवसांनी पांढरट-पिवळं, मग हिरवट, मग पुन्हा पातळ होत जातं. हा हिरवा रंग विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचा. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर असतं, तेच हिरवट असतं. म्हणजे हिरवं झालं म्हणून जंतुसंसर्ग झालाच असं नाही, आणि अँटिबायोटिक मागायला धावण्याचं तर मुळीच कारण नाही. विषाणूवर ती चालतच नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पाळणाघरांसाठी मार्गदर्शन आहे, त्यातही नुसतं नाक वाहतंय म्हणून मुलाला परत पाठवू नये असंच म्हटलंय, मग रंग कोणताही असो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएसही पालकांना तेच सांगते: साधा खोकला-सर्दी असेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही, ताप असेल तर तो उतरेपर्यंत घरी ठेवा.

मग बघायचं काय? मूल बघायचं. मी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, आणि सकाळी दारातच कळायचं. रात्री झोप झाली का? सकाळी काही पोटात गेलं का, निदान पाणी-दूध? चप्पल काढून आपणहून आत पळतेय की आईच्या खांद्यावरून मानच उचलत नाहीये? नाक गळत असलं तरी जी आत पळते तिचा दिवस नीट जातो. नाक कोरडं असूनही जी मलूल आहे, जिला कुशीतून उतरायचंच नाही, तिला घरी न्यायला सांगायचे. वर्गात एका बाईंकडे पंधरा-वीस मुलं असतात. त्यातलं एक सतत मांडीवर हवं असेल तर बाकीच्यांकडे बघणार कोण? हाही निकष आहे, आणि अकॅडमीच्या त्या मार्गदर्शनातही तो आहे: मूल सगळ्यांबरोबर दिवस काढू शकतं का, आणि त्याला लागणारी देखभाल तिथल्या लोकांना झेपेल का.

तापाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. ३८ अंश किंवा वर गेला की घरी, आणि तापाचं औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच परत. 'औषध न देता' हे महत्त्वाचं. सकाळी साडेसातला पॅरासिटामॉल पाजून मूल आणून सोडलं की आठला ते हसतखेळत असतं. डोसाचा असर चार ते सहा तास. साडेअकराच्या सुमाराला ते एका कोपऱ्यात जाऊन बसतं, डबा उघडत नाही, गाल लाल, हात लावला तर कपाळ तापलेलं. आईला फोन केला की पलीकडून "सकाळी तर छान होती हो!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे पुढे मी दारातच विचारायचे, "काही पाजलंय का?" उत्तर यायला दोन सेकंद जास्त लागले की समजायचं. पालकांना दोष द्यावासा मला कधी वाटला नाही. ज्याची मीटिंग हुकली तर नोकरीवर बेतेल, त्याला ताप बघून धडकी भरणारच. पण तशा दिवशी पाजून पाठवण्यापेक्षा शाळेशी खरं बोला. अर्ध्या दिवसाने न्यायला यायचं ठरवता येतं.

एक माझं स्वतःचं मत, नियमात नसलेलं. सर्दीचा पहिला दिवस, म्हणजे शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी, अंगात कणकण, तो जमलं तर घरी काढावा. विषाणू तेव्हाच सगळ्यात जास्त पसरतो, आणि मुलालाही तेव्हाच सगळ्यात वाईट वाटत असतं. रजा शिल्लक असेल तर ती अशा दिवसासाठी वापरा, आठव्या दिवशीच्या शेंबडासाठी नको. रजा नसेल तर पाठवा, आणि मनाला लावून घेऊ नका.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे. शाळा रोजची आहे आणि ती चुकली की दोन्हीकडचं नुकसान होतं. तिथे वीस घरांचे विषाणू एकत्र येणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं, आणि ते मान्य करूनच प्रत्येकाने प्रवेश घेतलेला असतो. खेळायला जाणं पुढे ढकलता येतं. आणि तिथे ज्यांच्या घरी आपण जातो, त्यांना विचारायची सोय असते. त्यांच्या घरात कोण आहे हे आपल्याला पूर्ण ठाऊक नसतं: बाळ असेल, केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, दम्याचं मूल असेल ज्याला प्रत्येक सर्दीबरोबर धाप लागते, किंवा परवा ज्यांना प्रवासाला निघायचंय अशी साधी माणसं असतील. म्हणून कुणाच्या घरी खेळायला जाण्यासाठी माझा नियम एकच आहे: आधी सांगायचं आणि ठरवायचं त्यांनी. "हिला चार दिवसांपासून सर्दी आहे, ताप नाही, खेळतेय. तुम्हाला चालेल का? नको असेल तर पुढच्या आठवड्यात ठरवू, अजिबात संकोच करू नका." शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्याशिवाय लोक भिडेखातर हो म्हणतात. दारात पोचल्यावर "जरा सर्दी आहे हं" म्हणणं म्हणजे न सांगण्यासारखंच. तेव्हा कोण परत पाठवणार? सर्दीपेक्षा या न सांगण्यावरून मैत्री आंबलेली मी जास्त पाहिली आहे. आणि उलट बाजूने कुणी तुम्हाला "नको" म्हणालं तर रुसू नका.

भेटायचंच असेल तर बाहेर, मोकळ्यावर भेटा. याला आधार आहे. १९७०च्या दशकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्रयोगांनी दाखवलं की सर्दी हातावरून नाका-डोळ्यांपर्यंत जाते, आणि तेव्हापासून सगळा भर हात धुण्यावर आला. पुढे १९८७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एलियट डिक यांच्या चमूचा एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्दी झालेली आणि न झालेली माणसं एका खोलीत बारा तास पत्ते खेळली. निरोगी खेळाडूंपैकी काहींना हात चेहऱ्यापर्यंत नेताच येऊ नये असे पट्टे बांधले होते. तरी त्यांना बाकीच्यांइतकीच सर्दी झाली. मग सर्दीवाल्यांचे ते शेंबडाने माखलेले पत्ते दुसऱ्या खोलीत निरोगी लोकांना खेळायला दिले, आणि नाका-डोळ्यांना हात लावत राहायला सांगितलं. एकालाही सर्दी झाली नाही. (हे वाचताना कसंसंच होतं, पण स्वयंसेवकांनी केलं खरं.) म्हणजे सर्दी हवेतूनही पसरते. म्हणून हात धुवावेतच, साबण लावून वीसेक सेकंद, पण बंद खोलीत तीन तास एकत्र खेळणं आणि बागेत तासभर पळापळ करणं यांत फरक आहे. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायला बाईंना सांगणं हेही शेंबूड पुसण्याइतकंच कामाचं.

"दर पंधरा दिवसांनी सर्दी, हिची प्रतिकारशक्ती कमी आहे का" हेही तुम्ही विचारलंय. वाढ नीट आहे, मधले दिवस चांगली असते, तर बहुधा नाही. अमेरिकेत टूसॉन शहरात मुलांना जन्मापासून १३ वर्षांपर्यंत पाहणारा एक अभ्यास झाला, त्याचे सर्दीबद्दलचे निष्कर्ष २००२ साली आले. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी घरी राहणाऱ्यांपेक्षा सर्दी जास्त व्हायची, ६ ते ११ या वयात कमी, आणि तेराव्या वर्षी दोन्ही गट सारखेच. पहिली एक-दोन वर्षं कंटाळवाणी जाणार, इतकंच.

काही गोष्टींत मात्र शाळा की घर असा विचार करत बसू नका, डॉक्टर गाठा. श्वास फास्ट वाटला तर मूल शांत असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षात ५० किंवा जास्त, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजणी आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, लघवी फार कमी होणं, जागं करूनही पेंगत राहणं, कान दुखून रडणं, किंवा ताप जाऊन दोन दिवस बरे गेल्यावर पुन्हा चढणं, हीसुद्धा त्यातलीच. ताप, खोकला, नाक वाहणं आणि लाल डोळे एकत्र असतील तर गोवर डोक्यात ठेवा. पुरळ तीन-पाच दिवसांनी उमटतं आणि तोवर वर्ग फिरून झालेला असतो. डांग्या खोकलाही पहिला आठवडा-दोन आठवडे साध्या सर्दीसारखाच दिसतो, मग ढास लागते, शेवटी उलटी होते किंवा श्वास घेताना आवाज येतो. लसी पूर्ण असतील तर दोन्हीची शक्यता खूप कमी. उलट शिंका, खाजणारं नाक-डोळे, पाण्यासारखं नाक, ताप नाही आणि हे आठवडेच्या आठवडे, असं असेल तर ती ॲलर्जी असू शकते. ती कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर बाईंना एकदा चिठ्ठी देऊन ठेवा.

गेटवरच्या आयांशी वाद घालू नका. शाळेकडून आजारपणाचा नियम लेखी मागून घ्या. बऱ्याच शाळांत तो असतो, फक्त कुणी वाचलेला नसतो. नसेल तर पालकसभेत विषय काढा, ताप आणि चोवीस तासांची अट तरी सगळ्यांना सारखी लागू होईल. उद्या तिच्या दप्तरात रुमालांची एक जास्तीची जोडी टाका, आणि रात्रीचा खोकला अजून दोन आठवडे रेंगाळू शकतो हे बाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर दोन दिवसांनी तुम्हाला फोन येणार नाही.