पत्र्याच्या छपराला वळचणीशी हवेची वाट ठेवावी का?

गुहागरकडच्या घराची कौलं उतरवून रंगीत पत्रा घातला, खाली पीव्हीसीचं सिलिंग मारलं. आता एप्रिल-मेच्या दुपारी खोलीत बसवत नाही आणि थंडीत पहाटे पत्र्यातून पाणी ठिबकतं, तर वळचणीला भोकं पाडू का, असं तुम्ही विचारलंय. पाडा, पण आढ्याशीही वाट द्या. नुसत्या वळचणीने हवा आत येईल खरी, पण तापलेली हवा वर तशीच कोंडून राहील.

मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून हवा आपसूक खेळायची. पत्रा बसवणारे उलट आढ्याखाली फोमची पट्टी दाबतात आणि गवंडी भिंतीचा माथा विटा-सिमेंटने पत्र्यापर्यंत भरून टाकतो. तुमच्याकडे तसं केलंय का, हे आधी शिडी लावून बघा. माथा भरलेला असेल तर बाहेर कितीही भोकं पाडा, उपयोग शून्य. माळ्यावरची अडगळसुद्धा वळचणीपासून फूटभर आत सरकवा.

किती जागा ठेवायची? अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत सिलिंगच्या क्षेत्रफळाच्या 1/150 मोकळी जागा मागतात, काही अटींवर 1/300 चालते. आपल्या उन्हाला मी 1/150 च धरेन. 30 बाय 20 फुटांचं घर असेल तर 600 चौरस फुटांना 4 चौरस फूट, त्यातली निम्मी खाली, निम्मी वर. दोन्ही बाजूंच्या 60 फूट वळचणीत अर्ध्या इंचाची सलग फटही अडीच चौरस फूट भरते. पण जाळी बरीच जागा खाते, म्हणून इंचभर ठेवा.

फट समोर उघडू नका, खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून ठेवा. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, समोरची जाळी त्याला अडवत नाही. जाळी स्टेनलेसची घ्या, खाऱ्या हवेत साधी जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी जाळी, लवकर गंजते. तिची भोकं सहा मिलीमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर उंदीर शिरतात. मच्छरजाळी मात्र नको. ती कोळिष्टकांनी आणि धुळीने बुजते, आणि ती झाडायला वर कोण चढणार!

वरची वाट सोपी करायची तर तिकोनी भिंतीत, पूर्वेच्या अंगाला, शक्य तितक्या उंचावर तिरक्या पट्ट्यांची झडपी बसवा. घर चौपाखी असेल, म्हणजे तिकोनी भिंतच नसेल, तर आढ्याची टोपी उचलून घ्यावी लागेल. ती रुंद हवी आणि तिच्याखाली पत्र्याची टोकं थोडी वर वळवलेली हवीत. हे काम कसबी माणसालाच द्या. तो वर चढलाच आहे तर पत्र्याचे स्क्रू आणि वॉशरही तपासून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावर किती छपरं उडवली ते आठवत असेलच.

ठिबकण्याचं म्हणाल तर निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा जास्त गार पडतो आणि त्याला घाम सुटतो. हवा खेळती झाली की हे कमी होईल, पण थांबेलच असं नाही. त्यासाठी पत्र्याच्या खालून फोम लावावा लागतो. दुपारच्या झळांनाही तोच फोम उपयोगी पडतो. आणि पावसाळ्यात माळा कोरडा राहील ही अपेक्षा ठेवू नका, जुलैत बाहेरची हवाच ओली असते.