कंपनीत नवीन ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणलं, पण जुने लोक अजून वहीतच लिहितात. काय करावं?

आधी ती वही कोणाची आणि त्यात काय असतं, ते बघा. भोसरीच्या एका कारखान्यात आमच्याकडे हेच झालं होतं. स्टोअरचे काका वीस वर्षं लाल रजिस्टर सांभाळत होते. सॉफ्टवेअरमध्ये माल घेताना अकरा रकाने भरायचे, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मग ते वहीत लिहायचे आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर चढवायचे. म्हणजे काम दुप्पट! साहेबांना मात्र वाटायचं, म्हातारा हट्टी आहे.

शेवटी अकराचे चार रकाने केले, उरलेले अकाउंट्सवाल्यांकडे दिले. पंधरा दिवसांत वही आपोआप कपाटात गेली. ट्रेनिंगही बाहेरच्या सल्लागाराने नाही, काकांनीच दिलं. त्यांचा शब्द शॉपफ्लोअरवर चालतो, एचआरच्या मेलला कोण विचारतो?

दुसरं म्हणजे नोकरीची भीती. ती कोणी बोलून दाखवत नाही, पण असते. बँकांमध्ये संगणक आले तेव्हाही कर्मचारी संघटनांचा मुख्य आक्षेप हाच होता. त्यासाठी व्यवस्थापनाला त्यांच्याशी करार करावे लागले, 1993 चा त्यातलाच एक. तेव्हा कोणाचं काम बदलणार, कोणाचं जाणार, हे स्पष्ट सांगा. ठरलं नसेल तर तसंही सांगा, नाहीतर चहाच्या टपरीवर तुमच्या आधी यादी तयार होते.

आणि जुनी पद्धत बंद करायची तारीख मार्चएंडला ठेवू नका, एवढं तरी ऐकाच.