कथा-सिनेमांतले गणिती नेहमी वेडे किंवा चमत्कारीच का असतात? खऱ्याच्या जवळ जाणारं काय वाचावं?

ग्वाल्हेरला, लश्करात, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. प्रमेय विसरतात, प्रमेयवाल्याचा किस्सा मात्र बरोबर लक्षात ठेवतात, त्यामुळे तुमचा प्रश्न मला घरचाच वाटला.

माणूस चार महिने एकाच ओळीवर अडलाय, लिहितोय, खोडतोय, हे कोण बघणार? मग त्या जागी द्वंद्व येतं, देवीचं स्वप्न येतं, नाहीतर वेडाचा झटका. एरिक टेंपल बेल यांच्या १९३७च्या 'मेन ऑफ मॅथेमॅटिक्स'मुळे कित्येकांना वाटत आलं की गॅल्वा या फ्रेंच गणितज्ञाने द्वंद्वाच्या आदल्या रात्री आपलं सगळं गणित एका बैठकीत कागदावर उतरवलं. मीही वर्गात हे रंगवून सांगायचो. खरं तर त्याचे निबंध आधीच पॅरिसच्या अकादमीत जाऊन आले होते. १८३२च्या त्या रात्री त्याने मित्राला पत्र लिहिलं आणि जुन्या कागदांवर दुरुस्त्या केल्या. वीस वर्षांचा पोरगा, सकाळी पिस्तुलासमोर उभं राहायचंय, आणि दुरुस्त्या करत बसलाय! मला हेच जास्त लागतं.

'अ ब्यूटिफुल माइंड' सिनेमात गणितज्ञ जॉन नॅश यांना नसलेली माणसं दिसतात. प्रत्यक्षात त्यांना आवाज ऐकू यायचे. ते एक वेळ चालेल, पडद्यावर काहीतरी दिसायला हवं. पण बारमधला प्रसंग? सोनेरी केसांच्या मुलीकडे कुणीच जायचं नाही, म्हणे हा नॅश यांचा समतोल, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. अहो, बाकी सगळे तिला सोडणार असतील तर एकाने गुपचूप जाण्यातच फायदा आहे. मग समतोल कसला?

रामानुजनांचंही तेच. स्वप्नात सूत्रं सांगणारी नामगिरी देवी सगळ्यांना माहीत, पाटी कुणाला आठवत नाही. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणित करायचे आणि कोपराने पुसायचे. १७२९ म्हणजे १२ आणि १ यांच्या घनांची बेरीज, तशीच १० आणि ९ यांच्याही घनांची. हे आजारपणात इंग्रज गणितज्ञ हार्डींसमोर एकदम सुचलं असं सांगतात, पण ते त्यांच्या वहीत आधीच होतं. रॉबर्ट कनिगेल यांचं १९९१चं चरित्र वाचा, त्यात देवीही आहे आणि पाटीही.

आता आमच्या गावचं. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, तिथल्या शिलालेखात शून्य कोरलंय. वाटाडे ठोकून देतात, "दुनिया का पहला ज़ीरो यहीं बना." तसं काही नाही. लेख ८७६चा, कंबोडियातला ६८३चा त्याहून जुना. पुण्याच्या मेहुण्याला तिथे नेलं होतं. लेखात काय आहे विचाराल तर देवाच्या बागेसाठी दिलेली २७० हात लांब जमीन आणि रोजच्या ५० माळा. शून्याबद्दल अवाक्षर नाही. आपण दुधाच्या हिशेबात लिहितो तितक्या सहज कोरलंय. मेहुणा घाम पुसत म्हणाला, "भावजी, एवढं चढवलंत ते हारांच्या हिशेबासाठी?" त्याला आर्यभट हवा होता बहुतेक, निदान पुतळा तरी.

वाचायचंच तर योको ओगावा यांची 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर'. प्रोफेसरची स्मरणशक्ती ८० मिनिटांची, म्हणजे पुन्हा तऱ्हेवाईकच. पण २२० आणि २८४ यांची मैत्री तो घरकामाच्या बाईला समजावतो (एकाच्या भाजकांची बेरीज दुसरा, अर्थात ती संख्या स्वतः सोडून), आणि पुढे ती बाई स्वतःच आकडे मांडून बघायला लागते. असं मी कादंबरीत फार कमी पाहिलंय.

मराठीत हवं तर मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा'. त्यात कुणी वेडा नाही. माझी प्रत एका विद्यार्थ्याने नेली ती परत आली नाही, म्हणून दुसरी घेतली.