दौऱ्याचा निकाल घरी लागतो

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण, दोन्ही सावकाश वाचलं. मनमोहन सिंग यांचा सप्टेंबर २०११ चा ढाका दौरा फसला आणि नरेंद्र मोदी यांचा जून २०१५ चा गाजला, असे दोन रकाने तू आखलेस आणि मग तुझं तुलाच पटेना. मार्गदर्शक म्हणतात, एक बाजू घे. मैत्रिणी म्हणतात, तू अमक्या पक्षाची झालीस. आणि तू मला विचारतेस, माप कोणाच्या पदरात टाकू?

कोणाच्याच नको. दौऱ्याचा निकाल घरी लागतो. परराष्ट्र बातम्यांच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली ती एवढं एकच वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात, आणि आज तुझ्याही गळी उतरवणार आहे.

तू सुरुवातच २०११ पासून केलीस, तिथेच घोडं अडलं. मागे जा. १९५८ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून दिल्लीत आले आणि नेहरूंशी त्यांचा करार झाला. त्यात पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानला, म्हणजे आजच्या बांगलादेशाला, द्यायचं ठरलं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली, तरीही बेरुबारी गेली नाही. दोन पंतप्रधानांनी ठरवलेली गोष्ट न्यायालय, संसद आणि बंगालमधली माणसं यांच्या दारात अडकून पडली. हे उदाहरण तुझ्या प्रकरणात एका ओळीतही नाही. का नाही?

मग १६ मे १९७४. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी भूसीमा करारावर सह्या केल्या. त्याचं पाचवं कलम तू उघडून वाच, फार छोटं आहे. कराराला दोन्ही सरकारांची मान्यता लागेल आणि मान्यतेची कागदपत्रं शक्य तितक्या लवकर एकमेकांना दिली जातील, एवढंच ते म्हणतं. बांगलादेशाने त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून आपल्या बाजूचं काम उरकलं. आपल्याला एक्केचाळीस वर्षं लागली. तीन बिघा नावाची १७८ मीटर बाय ८५ मीटरची आपली पट्टी, भारताने वेढलेल्या दहाग्राम आणि अंगारपोता या बांगलादेशी गावांच्या लोकांना जायला-यायला द्यायची, तीसुद्धा जून १९९२ मध्ये उघडली, आणि तीही दिवसाच्या ठरावीक वेळेपुरती. चोवीस तास खुली झाली २०११ मध्ये. तू ज्या दौऱ्याला फसलेला म्हणतेस, त्याच दौऱ्यात ठरून.

या विलंबात माणसं राहत होती गं. भारताची १११ गावं चारी बाजूंनी बांगलादेशाने वेढलेली, बांगलादेशाची ५१ गावं भारताने वेढलेली. तिकडे त्यांना छिटमहल म्हणतात. जुलै २०११ च्या संयुक्त शिरगणतीत दोन्हीकडची मिळून ५१,५४९ माणसं निघाली. मी रजा काढून, पदरमोड करून कूचबिहारच्या दिनहाटा भागात गेलो होतो. विजेच्या तारा गावावरून पलीकडच्या गावात जात होत्या आणि गावात रॉकेलचे दिवे. एका मास्तरांनी हजेरीपट दाखवला. त्यात पोराच्या नावापुढे बापाचं म्हणून जे नाव होतं ते शेजारच्या भारतीय गावातल्या ओळखीच्या माणसाचं. शाळेत घ्यायचं तर भारतीय बाप लागे, म्हणून उसना घेतलेला. पोरगं ते नाव बिनचूक सांगायचं. बायका बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाताना नवऱ्याचंही असंच दुसरं नाव सांगत.

परत येऊन लिहिलं, तर वरिष्ठांनी मजकूर बाजूला ठेवला. मराठी वाचकाला यात काय, हा त्यांचा प्रश्न. शेवटी आतल्या पानात अर्धा रकाना मिळाला. त्याच आठवड्यात एका परदेशी पाहुण्याच्या जेवणातले पदार्थ चौकटीत छापले होते. याची खंत मला आजही आहे. लोक मला एककल्ली म्हणत, प्रत्येक दौऱ्यानंतर "संसदेत कधी येणार, राज्याला विचारलं का" एवढंच विचारतो म्हणून चेष्टा करत. विचारायचोच. दुसरं विचारण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलं नाही, आणि पुढे जे घडलं ते बघता माझं काही चुकलं असंही वाटत नाही.

आता २०११ कडे नीट बघ. मनमोहन सिंग यांच्याबरोबर आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामचे मुख्यमंत्री ढाक्याला गेले. ममता बॅनर्जी ऐनवेळी मागे सरल्या, तिस्ता नदीच्या पाण्याचा करार राहिला, आणि बांगलादेशानेही चितगाव आणि मोंगला बंदरांच्या वापराबाबतचा कागद हातचा राखला. इथपर्यंत तू बरोबर लिहिलंस. पण ६ सप्टेंबरला १९७४ च्या कराराचा पूरक मसुदा सह्या होऊन तयार झाला, गावांची अदलाबदल त्यात पक्की झाली, त्याला तू तळटीपेत ढकललंस! २०१५ मध्ये संसदेने मंजूर केलं ते याच दोन कागदांना. डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत आलं तेव्हा भाजप, आसाम गण परिषद आणि तृणमूल, तिघांनी विरोध केला. आपण सतरा हजार एकर देतोय आणि सात हजारच घेतोय, हा मुद्दा होता. त्या सतरा हजार एकरांत आपला तलाठी कधी पोहोचला नव्हता, हे कोणी बोलायला तयार नव्हतं. पुढे ज्या पक्षाने अडवलं होतं त्याच्याच सरकारने ममतांशी पुनर्वसनाच्या पैशांचं बोलणं केलं, आसामला करारातून वगळायचा विचार सोडून दिला, आणि ७ मे २०१५ ला लोकसभेतही एकही मत विरोधात न पडता शंभरावी घटनादुरुस्ती झाली. पंतप्रधान ढाक्याला गेले ६ जूनला. म्हणजे ज्या दौऱ्याला तू यशस्वी म्हणतेस त्याचं काम महिनाभर आधी दिल्लीत संपलेलं होतं. ३१ जुलैच्या मध्यरात्री गावं बदलली.

आणि त्याच जूनच्या दौऱ्यात ममता ढाक्यात हजर असूनही तिस्ता तशीच राहिली. कारण घरचं बोलणं झालं होतं गावांचं, पाण्याचं नाही. मग हा दौरा तुझ्या कोणत्या रकान्यात बसवायचा, सांग बरं.

तू सांगलीची. कृष्णेच्या पाण्यावरून राज्यं लवादापुढे वर्षानुवर्षं कशी उभी राहतात ते तुझ्या घरातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असेल. मग वरच्या अंगाच्या बंगालला न विचारता दिल्ली तिस्तेचं पाणी देऊन टाकेल, हे तुला खरं वाटलंच कसं? १९९६ मध्ये गंगेचा करार झाला, कारण त्याआधी बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. पंतप्रधान देवेगौडा आणि बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना यांच्या सह्या १२ डिसेंबरला दिल्लीत झाल्या खऱ्या, पण कोलकात्याची संमती आधीच खिशात होती. म्हणून तो करार टिकला. उलट जून २०२४ मध्ये हसीना दिल्लीत येऊन गेल्यावर ममतांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की पाणीवाटपाच्या चर्चेत राज्याला विचारलंच नाही. दीड महिन्यात हसीनांनाच देश सोडावा लागला, म्हणून त्या चर्चेचं पुढे काय झालं असतं यावर मी बोलत नाही. घर मात्र तिथेही विचारायचं राहिलंच होतं, आणि एका अर्थाने हसीनांनीही आपल्या घराला विचारलं नव्हतं.

तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. तुझी मेहनत दिसते, बंगाली वर्तमानपत्रं वाचायला भाषा शिकलीस याचं मला फार कौतुक वाटतं. म्हणूनच चीड येते की एवढी शिकलेली मुलगी हस्तांदोलनाच्या फोटोवर चार पानं लिहिते आणि राज्यसभेच्या चर्चेवर चार ओळी.

दोन्ही रकाने खोडून टाक. प्रकरण १९५८ पासून लिही आणि प्रत्येक भेटीपुढे तीनच गोष्टी मांड: घटनेत काय बदलावं लागणार होतं, कोणत्या राज्याला विचारलं होतं, आणि परत आल्यावर कोणी अडवलं. शेवटी गंगा करार घे. त्याची मुदत तीस वर्षांची, डिसेंबर २०२६ मध्ये संपणारी. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यामुळे गाळ साचतो आणि पुराचं पाणी तुंबतं, ही बिहारची तक्रार जुनी आहे, बंगालची वेगळी. शिष्टमंडळात कोण होतं याच्या बातम्या राहू देत, पाटण्याची आणि कोलकात्याची कात्रणं काढायला लाग. मजकूर झाला की छापील प्रत पाठव, पडद्यावर वाचून माझे डोळे दुखतात.

तुझा,
काका