'एक्स्प्रेसिव्ह ब्रशवर्क'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी इथेच मुंबईत शिकते, डिजिटल पेंटिंग करते, म्हणजे ड्रॅगन, पंखवाले सिंह, शिंगवाली अस्वलं असली अद्भुत मंडळी, आणि कॉलेजच्या प्रदर्शनात चित्रांखाली लावायला तिला मराठी मजकूर हवाय. त्यात 'एक्स्प्रेसिव्ह ब्रशवर्क' आलंय, म्हणजे ब्रश कसा फिरला ते उघड दिसतं आणि काहीतरी सांगतं असं रंगकाम. तिने आधी 'अभिव्यक्तिपूर्ण तूलिकाकर्म' असं लिहिलं, मैत्रीण म्हणाली हे श्राद्धाच्या विधीसारखं वाटतंय, सरळ 'कुंचल्याचे फटकारे' लिही. तर शंका अशी की हातात मुळात कुंचला नाहीच, टॅबलेट आणि पेन आहे, मग कुंचला चालेल का, फटकारे म्हणजे नक्की काय, आणि जाताजाता, 'क्रीचर'ला प्राणी म्हणायचं का अजून काही.

मैत्रिणीचं बरोबर आहे, पण अर्धंच.

तूलिकाकर्म आधी निकालात काढू. तूलिका हा शब्द कवितेत आणि मुलींच्या नावात राहिलाय, चित्र काढणाऱ्या कुणाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही. आणि 'अभिव्यक्तिपूर्ण'मध्ये एक खड्डा आहे, कारण अभिव्यक्तिवाद हे चित्रकलेतल्या एका ठरावीक चळवळीचं नाव आहे, १९०५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात 'दी ब्र्यूके' नावाचा गट जमला तिथून ती जोरात सुरू झाली, भडक रंग, वेडेवाकडे केलेले आकार, आतली अस्वस्थता बाहेर काढणं वगैरे. तुमचा ड्रॅगन तसा नसेल तर जाणकार माणूस मजकूर वाचून चित्रात भलतंच शोधत बसेल. एक्स्प्रेसिव्ह म्हणजे एक्स्प्रेशनिस्ट नव्हे, हा घोळ इंग्रजीतही होतो, आपण तो मराठीत आयात करायची गरज नाही.

आता फटकारा. शब्द चांगला आहे, कानाला लगेच लागतो, 'फट्' त्यात ऐकूच येतं. चाबकाचा फटकारा, शेपटीचा फटकारा, म्हणजे वेग आहे, जोर आहे, आणि एकदा सुटला की मध्येच थांबून दुरुस्त करता येत नाही हेही आहे. स्ट्रोकला, म्हणजे ब्रशच्या एका ओढीला, याहून नेमका मराठी शब्द मला तरी माहीत नाही. पण दोन अडचणी. एक तर मुंबईत 'कुंचल्याचे फटकारे' म्हटलं की निम्म्या लोकांना बाळासाहेब ठाकरे आणि १९६० साली निघालेलं 'मार्मिक' आठवतं, त्या शब्दांना व्यंगचित्राचा वास लागलाय तो लागलाच. आणि वर्तमानपत्रात रोज कोर्ट कुणाला ना कुणाला फटकारत असतं, त्यामुळे शब्दात थोडा राग कायमचा मुरलाय. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची, फटकारा म्हणजे एका जातीचा स्ट्रोक, सगळं ब्रशवर्क नाही. ड्रॅगनच्या शेपटीवर एका दमात मारलेली जाड रेघ हा फटकारा झाला, पण त्याच्या पोटाखालचं धुकं विरळ विरळ थरांनी आणलंय त्याला फटकारे कसं म्हणणार?

म्हणून मी अशा वेळी डिक्शनरी बाजूला ठेवतो आणि काम करणारे काय बोलतात ते ऐकतो. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत निघाली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टही त्याच साली, याच शहरात सुरू झालं, पण चित्रकारांची बोली त्या कोशातून आलेली नाही.) पोर्ट्रेटचा डेमो बघायला कधी उभे राहिला असाल तर ही वाक्यं ऐकली असतील: 'पॅच टाक, घासू नकोस', 'काम टाइट झालंय, जरा लूज कर', 'कड सोड इथली', 'जास्त घोटू नकोस, मरेल ते'. पॅच म्हणजे योग्य टोनचा, म्हणजे हवा तेवढा उजळ किंवा गडद, रंगाचा एकच सपाट ठोकळा योग्य जागी ठेवायचा आणि हात उचलायचा, शेजारच्या पॅचमध्ये तो मिसळायचा नाही, लांबून बघणाऱ्याचा डोळा ते मिसळतो. इतका रुळलेला शब्द आहे की त्याचं मराठी करायला जाऊच नये, 'ठिगळ' लिहिलंत तर संपलंच.

घोटणं मात्र खरं सोनं आहे आणि तुमच्या मजकुरात ते यायला हवं असं मला वाटतं, कारण एक्स्प्रेसिव्ह कशाला म्हणतात ते त्याच्या विरुद्ध टोकाला काय आहे यावरून कळतं. खलात औषध घोटतात, जुन्या काळी हातकागद गारगोटीने घोटून गुळगुळीत करायचे म्हणजे बोरू अडकत नाही, अक्षरही घोटीव असतं. सगळीकडे अर्थ एकच, पुन्हा पुन्हा हात फिरवून खडबडीतपणा घालवणं. डिजिटलमध्ये सॉफ्ट ब्रश आणि रंग पसरवून मिसळणारं स्मज टूल घेऊन जे तासन्‌तास चालतं ते दुसरं काय आहे? आणि घोटीव म्हणजे वाईट असं अजिबात नाही हं. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता आठवा, कॅलेंडरवरच्या, स्प्रेचं ते मऊसूत काम, हाताची खूण कुठे सापडतच नाही आणि तीच त्यांची करामत. उलट दीनानाथ दलालांची रेषा लांबूनही ओळखू यायची, दिवाळी अंकाच्या स्टॉलवर नाव वाचावं लागायचं नाही. दोन्ही आपलेच, दोन्ही थोर, फक्त एकाने हात लपवला आणि दुसऱ्याने दिसू दिला. बाहेरच्या जगातली फँटसी बघायची तर अमेरिकन चित्रकार फ्रँक फ्रॅझेटाच्या ऑइलमध्ये राक्षसाचं तोंड आणि खांदे नीट घडवलेले असतात आणि पाय, पार्श्वभूमी वगैरे रंगात विरघळून जातं, म्हणजे एकाच चित्रात दोन्ही.

आता वर दोनदा 'हात' म्हणालो ते मुद्दामच. ब्रशवर्क या एकूण प्रकाराला मराठीत जो शब्द बसतो तो माझ्या मते हाच आहे, हात. 'त्याचा हात चांगला आहे', 'हात बसलाय', 'हात सुटलाय आता', 'हात जड आहे तिचा', हे सगळं ब्रशवर्कबद्दलच चाललेलं असतं. भिंती रंगवणारेसुद्धा अस्तर मारून झालं की 'दोन हात मारले' म्हणतात, म्हणजे कोटलाही हातच. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा, अंगाचा रंग स्प्रेगनने झटझट होतो, तो कुणीही शिकाऊ पोरगा मारतो, पण डोळ्यांची आखणी करायला ठरलेला माणूस लागतो आणि तिथे 'हात कुणाचा' हे विचारलं जातं. आखणी हा शब्दही तुमच्या कामाचा आहे, ड्रॅगनचे डोळे बारीक ब्रशने नेमके काढले असतील तर तिथे फटकारे लिहू नका, आखणी लिहा.

आणि यातून तुमची कुंचल्याची अडचणही सुटते. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट सुरीने, काम करायचे, तिथे कुंचला शोधून सापडायचा नाही, पण हात गायतोंड्यांचाच. टॅबलेटवरही तसंच. खरं सांगायचं तर कुंचला लिहिलात तरी काही बिघडत नाही, फोनला डायल राहिली नाही तरी आपण अजून 'नंबर फिरवला' म्हणतोच की, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनीही जुनी नावं सोडलेली नाहीत, क्रिता या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव स्वीडिश भाषेतल्या खडूवरून आलंय. पण काटेकोर बघायचं तर फोटोशॉपमधला स्ट्रोक म्हणजे केसांनी ओढलेला रंग नसतोच, ब्रशच्या टिपचे ठसे एकामागे एक इतके जवळ उमटतात की सलग रेघ दिसते, स्पेसिंग म्हणजे ठशांमधलं अंतर वाढवून बघा, लगेच माळेसारखे सुटे होतात. तरीही त्याला फटकारा म्हणता येतं कारण जोर खरा आहे. आजकालच्या चांगल्या पेनला दाबाच्या ८१९२ पायऱ्या असतात, पेन कलतं केलं तर तेही कळतं, म्हणजे मनगटात जे झालं ते रेघेच्या जाडीत आणि दाटपणात उतरतं. दाटपणावरून आठवलं, ओपॅसिटीला 'अपारदर्शकता' लिहू नका प्लीज, दाट-विरळ हे आपल्याकडे आयतं आहे, 'इथे रंग विरळ ठेवलाय' म्हटलं की आजीलाही कळतं. फ्लो आणि ओपॅसिटी या ब्रशच्या दोन सेटिंगांमधला फरकही सांगता येतो त्यातून, ओपॅसिटी कमी ठेवली तर पेन न उचलता कितीही घासा रंग ठरलेल्या मर्यादेपुढे दाट होत नाही, फ्लो कमी ठेवला तर त्याच जागी हात फिरवत राहिलं की हळूहळू दाट होत जातो.

आता 'एक्स्प्रेसिव्ह'. यासाठी एकच विशेषण शोधत बसू नका, कारण चित्राच्या प्रत्येक भागात ते वेगळं काम करत असतं. तुम्ही पाठवलेल्या वर्णनातला पंखवाला ड्रॅगन घ्या. पंखाचा पडदा वटवाघळासारखा बोटांच्या हाडांमध्ये ताणलेला असतो, तिथले स्ट्रोक एका हाडाकडून दुसऱ्याकडे, ताणाच्या दिशेने गेले तर पडदा ताठ वाटतो, आणि तेच वरून खाली ओढले तर ओल्या चादरीचा भास होतो, रंग तोच असला तरी. तिथे मी 'ताणलेले फटकारे' म्हणेन. मानेवरचे खवले एकेक करून काढायचे नसतात, उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात चार-सहा नीट दाखवायचे आणि बाकी मान खरखरीत ब्रशच्या तुटक पॅचने सुचवायची, बघणारा उरलेले खवले स्वतः मोजून घेतो, तिथे शब्द 'तुटक' किंवा 'सुचवलेले'. आयाळीला 'लांब सैल फराटे', कारण फराटा फटकाऱ्याइतका रागीट नाही आणि त्याला लांबी आहे. शिंगांवर रंग जाड दिसावा म्हणून टेक्स्चर ब्रश वापरला असेल तर 'थापलेला रंग', हे नाइफवाल्यांचंच क्रियापद. बघा, नाम शोधण्यापेक्षा क्रियापदं कितीतरी जास्त काम करतात, मराठीचा स्वभावच तो आहे, इंग्रजी 'वर्क' म्हणून मोकळी होते, आपण ओढतो, थापतो, घोटतो, आखतो, फटकारतो, सोडून देतो.

तरीही सगळ्याला मिळून एकच शब्द हवाच असेल तर 'बोलका' घ्या. बोलके डोळे, बोलका चेहरा हे आपण म्हणतोच, 'बोलके फटकारे' किंवा 'बोलका हात' कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. 'मोकळा हात' मला जास्त आवडतो पण तो एकटा लिहिला तर वाचणाऱ्याला पैसे उधळणारा माणूस डोळ्यासमोर येईल, म्हणून 'मोकळ्या हाताने रंगवलेलं' असं लिहा, तिथे गैरसमज होत नाही. 'सढळ हाताने' नको, ती देणगी झाली. 'सफाईदार' तर नकोच नको, ते बरोब्बर उलटं आहे, आणि 'हात मारला' लिहिलंत तर चित्र चोरलं असा अर्थ निघेल. 'जोरकस' चालेल, पण समीक्षकांनी तो इतका वापरलाय की त्यातला जोर गेलाय.

राहिला क्रीचर. 'प्राणी' म्हटलं की राणीच्या बागेतला पिंजरा आठवतो, 'राक्षस' म्हटलं की तो वाईटच असणार असं गृहीत धरलं जातं, बिचाऱ्या शिंगवाल्या अस्वलाने कुणाचं काय केलंय. 'श्वापद' हा फार देखणा शब्द अडगळीत पडलाय, शिकारी आणि जंगली असेल तर तो वापरा. बोलण्यात 'काय जनावर काढलंयस!' ही सगळ्यात मोठी दाद आहे, पण लिहिताना जरा जपून, कोकणात आणि घाटावर बऱ्याच घरांत जनावर म्हणजे साप, त्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून. आणि एकाचं धड, भलत्याच कुणाचं तोंड, अशी जोडाजोड असेल तर देवळांच्या शिल्पांत त्यांना नावंच आहेत, व्याल, मकर, शरभ. शरभ तर आपल्या गडांच्या दरवाज्यांवर बसलेला असतो आणि लोक त्याला सरसकट वाघ समजून फोटो काढतात. तुमच्या पंखवाल्या सिंहाला 'व्याल' म्हणायला माझी हरकत नाही, पण ड्रॅगनला ड्रॅगनच राहू द्या, त्याचं 'पंखधारी सर्पासुर' वगैरे करू नका.

तर मी मजकूर असा लिहीन: 'ड्रॅगनचे डोळे बारीक आखलेले, बाकी अंग मोकळ्या हाताने रंगवलेलं. पंखांवरचे बोलके फटकारे मुद्दाम न घोटता तसेच ठेवले आहेत.' यात ब्रशवर्क हा शब्द कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. 'ब्रशवर्क' ठेवायचंच असेल तर देवनागरीत ठेवा, नपुंसकलिंगी चालवा, 'ब्रशवर्क छान उतरलंय', कुणी नावं ठेवणार नाही.

एक छपाईची गोष्ट तेवढी बघा. 'फटकारे'चं 'फटकाऱ्यांनी' होतं तेव्हा त्यात य आधीचा र हा आडव्या झुपक्याचा ऱ हवा, य वरचा रफार नको. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यात जो फरक आहे तोच, पहिला स्वयंपाकघरातला आणि दुसरा मठातला. बरेच डिझाइनचे फॉन्ट हे जोडाक्षर नीट दाखवत नाहीत, ऱ सुटा पडतो नाहीतर चौकोन येतो, म्हणून आधी प्रिंट काढून तेवढा एक शब्द तपासा, नाहीच जमलं तर वाक्य 'फटकारे' येईल असं फिरवून घ्या.