लसीतल्या ॲडज्युव्हंटमुळे प्राण्यांच्या प्रतिकारपेशींमध्ये नेमकं काय बदलतं?

ॲडज्युव्हंट म्हणजे लसीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात घातलेला पूरक पदार्थ. सगळ्यात जुन्या ॲडज्युव्हंटांपैकी एक म्हणजे आपली तुरटीच. १९२६ साली ब्रिटिश संशोधक ग्लेनी यांनी घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष तुरटीने साकळवून गिनीपिगला टोचलं, तर प्रतिसाद कितीतरी वाढला. आता तुरटीऐवजी ॲल्युमिनियमचे इतर क्षार वापरतात. लस तिथेच साठून हळूहळू झिरपते म्हणून परिणाम होतो, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण उंदराच्या कानात लस टोचून दोन तासांत ती जागाच कापून टाकली, तरी अँटिबॉडी तेवढ्याच झाल्या! म्हणजे खरं काम पहिल्या काही तासांतच उरकतं: टोचल्या जागी न्यूट्रोफिल, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी धावत येतात, डेंड्रिटिक पेशी लसीचा अंश उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना (प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) कामाला लावतात.

कुठल्या टी-पेशी, हे ॲडज्युव्हंटवर ठरतं. मदतनीस टी-पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे दोन मुख्य प्रकार. उंदरांत नुसतं ॲल्युमिनियम टीएच-२ कडे झुकतं, म्हणजे अँटिबॉडी भरपूर, पण पेशींची मारक ताकद बेताची. म्हणून कोरोनाच्या कोव्हॅक्सिन लसीमध्ये ॲल्युमिनियमला टीएलआर ७/८ (विषाणूची चाहूल घेणारे पेशींमधले ग्राही) चेतवणारा रेणू जोडला. उंदरांत पारडं टीएच-१ कडे, म्हणजे पेशींच्या मारक ताकदीकडे झुकलं. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसात हे विभाजन इतकं स्वच्छ दिसत नाही.